गुरुवारची बेरीज

सदतीस वर्षं मी पेपर काढले
सदाशिव पेठेतल्या आमच्या प्रज्ञावर्गासाठी.
सगळ्या शहराला खुला, असं आम्ही म्हणायचो.
दर डिसेंबरात, दार लावून,
कच्चे कागद बादलीत भिजवून, त्यांचा लगदा करून.

एक प्रश्न माझा लाडका होता.
विसंगत शब्द ओळखा :
पोहणे, टेनिस, घोडेस्वारी, बुद्धिबळ.
उत्तर बुद्धिबळ. बसून खेळतात ना.
सदतीस वर्षांत कुणी हरकत घेतली नाही.

शेवटच्या वर्षी रामटेकडीच्या पालिका शाळेतून
एक चिठ्ठी आली, पाठकोऱ्या कागदावर.
मागे जंतनाशक गोळ्यांचा तक्ता.
"मल्लिका धोत्रे, इयत्ता पाचवी.
हिने घोडेस्वारी लिहिलंय.
मामाचा घोडा वरातीला जातो.
ती म्हणते, बाकीचे तीन खेळ आहेत, ते काम आहे.
अर्धा गुण तरी द्यावा ही विनंती.
आपली, शोभना खुडे."

नियमात अर्धा गुण बसत नव्हता.
दिला नाही.

चिठ्ठी पर्समध्ये राहिली,
विजेच्या बिलांबरोबर, चष्म्याच्या पावतीबरोबर.
निरोप समारंभाची शालही घडी मोडायच्या आत कपाटात गेली.
मग एका गुरुवारी वैदूवाडीला उतरले,
चढ चढताना दोनदा थांबले,
आणि खुडे बाईंना म्हटलं,
त्या मुलीला मी शिकवीन. फुकट.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
"शिकवायला मी आहे," म्हणाल्या.
"मला वेळ नाही, एवढंच."
आणि टेबलावरची चळत माझ्याकडे सरकवली :
खिचडीची वही, गणवेशाची वही,
मतदार यादीची दुरुस्ती, आधारची राहिलेली नावं,
कोणत्या तरी ॲपमध्ये कालपर्यंत भरायचं काहीतरी.
"हे घेता?"

घेतलं. काय करणार.
गणिताची एम.एससी., सुवर्णपदक,
आणि मी लिहिते आहे :
पटावर एकशे बारा, तांदूळ अकरा किलो दोनशे ग्रॅम.
शेजारच्या वर्गातून मला पाठ दिसते दोघींची.
फरशीवर बसल्यात,
मध्ये बुटाच्या खोक्याचे कापलेले पुठ्ठे.

मल्लिकाचे वडील फूटपाथचे ब्लॉक बसवतात.
सहाकोनी बसतात, चौकोनी बसतात.
"मग पाचकोनी का नाही बसत, बाई?"
गेल्या दिवाळीत विचारलेला प्रश्न.
तेव्हा बाई जनगणनेच्या प्रशिक्षणाला चालल्या होत्या.
प्रश्न थांबला. पोरगीही थांबली, पुठ्ठे जमवत.

आता कोनमापक फिरतंय, एका कडेला तुटलेलं.
एक पंचकोन. दुसरा. तिसरा.
"फट उरली," मल्लिका म्हणते.
"किती?"
मोजते. पुन्हा मोजते. "छत्तीस."

छत्तीसचा आकडा! मी जागेवरून म्हणणार होते,
जीभ चावली.
कारण खुडे बाई म्हणत होत्या,
"छत्तीसच का गं? मलाही नाही माहीत. बघू या."
मलाही नाही माहीत.
माझ्या अख्ख्या नोकरीत हे वाक्य
मी एकाही मुलासमोर उच्चारलेलं नाही.

बाईंचा चहा माझ्यासमोर साय धरून बसलाय.
चाळीस मिनिटं त्यांना कुणी हाक मारलेली नाही.
एक शिपाई आला होता परिपत्रक घेऊन,
त्याला मी दारातच अडवलं,
सही माझी ठोकली.

घंटा झाली. मोठ्या सरांनी वही तपासली,
चष्मा वर केला.
"बाई, तांदळाची बेरीज चुकलीय हो.
तुम्ही गणिताच्या ना?"

होय, म्हटलं.
खोडरबर आहे का कुणाकडे?
मल्लिकानं दिलं. अर्धंच होतं.